वर ढकललेला आकडा

७ फेब्रुवारी

धाकट्या,

गेल्या सोमवारी सकाळी मी अंघोळ केली, नेहमीसारखा थोडा वेळ देवापुढे बसलो, आईला चहा दिला आणि तुझ्या कंपनीच्या मॅन्युअलचं एक पान उघडलं. छापखान्यातली ही माझी जुनी खोड तुला माहीत आहे. छापून गेलेलं पान पुन्हा एकदा वाचायचं, कारण चूक ही कागद वाळल्यावरच दिसते. इथे कागद नाही, तरी खोड गेली नाही. तू तिला 'दादाची पोथी' म्हणतोस. म्हण.

त्या दिवशी आकडे लहान करून लिहिण्याचं पान होतं. वाचत खाली आलो आणि थांबलो. माझा परिच्छेद तिथे होता. गेल्या जुलैत तू काढून टाकलेला, माझ्याच शब्दांत, स्वल्पविरामासकट.

खरं सांगतो, मला आनंद झाला. आत हाक मारली, "आई, धाकट्यानं ऐकलं."

"त्यानं?" आई म्हणाली. "ताप-बीप आलाय की काय त्याला?"

मी हसलो. हसत हसतच पानाच्या तळाशी गेलो, तिथे शेवटच्या बदलाची तारीख असते. तारीख गेल्या वर्षीच्या मे महिन्याची होती.

मे महिन्याची. परिच्छेद मी लिहिला जूनमध्ये. तू काढलास जुलैत. रुग्णालयाच्या संगणकावर आपली कमांड बसवून दिली सप्टेंबरात. तिथे ऑक्सिजन कमी पडला या जानेवारीत. आणि माझा परिच्छेद मे महिन्यापासून तिथे बसलाय, मी तो लिहायच्याही आधीपासून.

मला वाटलं चुकून झालं असेल. दुपारी तुझ्या वकिलाचा फोन आला आणि ती शंकाही मिटली. आवाज फार गोड आहे त्या माणसाचा. "तुम्ही मूळ लेखक. तुम्ही चौकशी समितीला एवढंच लिहून द्यायचं, की हा इशारा पहिल्यापासून मॅन्युअलमध्ये होता. बाकी आम्ही बघतो."

तू माझा फोन उचलत नाहीस. मेल पाठवली तर ती तुझ्या आधी वकील वाचतो. म्हणून कागदावर लिहितोय. पत्राच्या वर तुझ्यासाठी नेहमी आशीर्वाद लिहायचो, आज हात वळला नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो. वकिलाचं ऐकून ऐकून तुझ्या डोक्यात आता दुसरंच काही बसलं असेल, म्हणून.

आपली कमांड मोठा आकडा लहान करते. लांबलचक अंकांऐवजी '१.१ दशलक्ष' असं लिहिते, वाचणाऱ्याचे डोळे वाचावेत म्हणून. पण लहान करताना जे उरतं ते ती कधी सोडत नाही, नेहमी वर ढकलते. दहा लाखांवर एक जरी असला तरी ती १.१ दशलक्ष लिहिते, म्हणजे अकरा लाख. तू हे मुद्दाम तसं केलंस आणि बरोबर केलंस, कारण तेव्हा ती डिस्कवर किती जागा भरली हे दाखवायला होती. भरलेलं थोडं जास्त दिसलं तर माणूस वेळेत सावध होतो.

पण मग तू ती रुग्णालयाला द्यायला निघालास, टाकीत किती ऑक्सिजन उरला हे दाखवायला. मी तेव्हा म्हटलं, रीत बदल. तू म्हणालास, जुन्या गिऱ्हाइकांचे सगळे अहवाल बदलतील, जमणार नाही. मग मी म्हटलं, निदान लिहू दे. आणि मी लिहिलं:

'ही कमांड उरलेला अंश नेहमी वर ढकलते. दहा लाख एक हा आकडा ती १.१ दशलक्ष असा लिहिते. किती वापरलं, हे दाखवायला ही रीत सुरक्षित आहे. किती उरलं, हे दाखवायचं असेल तर "खाली" हा पर्याय द्यावा, नाहीतर संपलेलंही शिल्लक दिसेल.'

यात एक शब्द तरी जास्त आहे का?

त्या दिवशी तुझ्या काचेच्या खोलीत तू मला विचारलंस, "दादा, कुठला दुकानदार दारात 'पाय घसरेल' अशी पाटी लावतो?"

"फरशी ओली असली तर लावतो," मी म्हटलं.

तू मोठ्यानं हसलास. मला वाटलं, परिच्छेद वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्हता. मी वर आलो तेव्हा तू बैठकीत होतास, आणि त्या दिवसापासून त्या विषयापुरता तू कायमच बैठकीत राहिलास.

आणि आता तो परत आणलास. तेव्हा जो लोकांना घाबरवत होता, तो आता रुग्णालयाचं भांडार सांभाळणाऱ्या त्या बाईला फासावर चढवायला उपयोगी पडतोय.

मी लिहून देणार नाही.

— दादा


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. एवढ्या मोठ्या पत्राला तीन ओळी. 'दादा, भावनेच्या भरात काही करू नकोस. होता असं लिहून द्यायचं नसेल तर नको देऊ. फक्त आठवत नाही असं म्हण.'

भावनेच्या भरात. म्हणजे मी चिडलोय हा माझ्या स्वभावाचा दोष, आणि ज्याच्यामुळे चिडलोय ते तुझं शांत डोक्याचं काम. हे चांगलं आहे.

'आठवत नाही' हे तू इतक्या सहज लिहिलंस की मी तो निरोप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. रोज सकाळी मी ज्याच्यापुढे बसतो त्याच्याकडे फार काही मागत नाही. बुद्धी शाबूत ठेव, एवढंच म्हणतो. त्यानं ती ठेवली आहे. आता मी चौकशीत जाऊन सांगू, की नाही ठेवली?

कुणी कधी काय बदललं याची नोंद सर्व्हरवर राहते, हे तूच मला शिकवलंस. मागे जाऊन ती नोंद नव्यानं लिहिता येते, हेही तूच शिकवलंस. त्या कमांडचं मॅन्युअल मी लिहिलंय. तिथेही मी 'फार जपून वापरा' असं घातलं होतं. ते मात्र तू ठेवलंस. तुझ्या उपयोगाचं होतं ना.

नवं मॅन्युअल अपडेटबरोबर सगळीकडे गेलंय, रुग्णालयातल्या यंत्रावरही. म्हणजे चौकशी समिती त्या बाईंच्या टेबलाशी जाऊन बसली आणि त्यांच्याच यंत्रावर पान उघडलं, तरी माझा परिच्छेद त्यांच्याकडेच बोट दाखवणार. कुठे काही उरलेलं नाही. उरलोय तो मी, आणि तू.

तुला बाबांची नाव आठवते का? की तेही आता आठवत नाही?

शाळा पलीकडच्या काठाला होती, त्यामुळे आपण दोघं रोज त्या नावेत. माणसं चढायला लागली की बाबा मोजायचे. कडेवरचं मूल असलं तरी पूर्ण माणूस धरायचे. कुणीतरी हमखास म्हणायचं, "अहो नावाडी, हे एवढंसं पोर, त्याला काय वजन?" बाबा म्हणायचे, "ते बुडताना पूर्ण बुडतं." लोक हसायचे आणि एकजण खाली उतरायचा, पुढच्या फेरीला थांबायचा. आणि संध्याकाळी दोर तपासताना बाबा झिजलेला भाग मोजायचेच नाहीत. नवा होता तेव्हा केवढा होता हे कुणी सांगायला लागलं, तर ऐकल्यासारखंही करायचे नाहीत.

तू पहिल्यांदा ती कमांड लिहिलीस आणि मला दाखवलीस, तेव्हा मी म्हटलं होतं, ही बाबांची मोजणी आहे. तू लाजलास. मला वाटलं, शहरात जाऊन हा पोरगा काही विसरला नाही. मला छापखान्यातून उठवून तू तुझ्या कंपनीत आणलंस, गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाला मॅन्युअल लिहायला बसवलंस, तेव्हा तुझे इंजिनिअर तोंड लपवून हसत होते. तू त्यांना म्हणालास, "दादाला कळलं तरच ते जगाला कळेल." ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. म्हणूनच माझा इतका संताप होतोय. परका असतास तर मी दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

बाबांची अर्धीच मोजणी तू घेतलीस. माणसं जास्त मोजलीस, आणि दोरही जास्त मोजलास.

— दादा


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

काल मी भांडारातल्या बाईंकडे जाऊन आलो. कुणी पाठवलं नव्हतं. पत्ता रुग्णालयाच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं दिला, आणि देताना म्हणाला, "भल्या बाई आहेत. काही वाईट सांगायला जात असाल तर फोनवर सांगा, निदान दार लावून रडता येईल त्यांना."

तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. आत गेल्याबरोबर कळतं की हे भांडार सांभाळणाऱ्या माणसाचं घर आहे. फळीवरच्या प्रत्येक डब्याचं नाव समोर, आणि अर्धे झालेले डबे पुढच्या रांगेत. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसल्या आणि विचारलं, "चहा घेऊन सही मागणार, की आधी सही?"

"सही मागायला आलेलो नाही."

"मग तुम्ही पहिलेच." त्या उठल्या आणि चहा ठेवला.

मी म्हटलं, तुमच्या कमांडचं मॅन्युअल मी लिहितो. त्यांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता दार दाखवतील.

"तुम्ही होय ते," त्या म्हणाल्या. "मी वाचलं होतं हो तुमचं. यंत्र बसवलं त्याच दिवशी, पहिल्या पानापासून. सगळे हसले मला. बाई, हे कोण वाचतं, म्हणाले. मी म्हटलं, ज्यानं लिहिलं त्याला तरी वाटत असेल ना, कुणीतरी वाचावं."

धाकट्या, इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलेलं नाही. आणि म्हणावं कुणी, तर त्या बाईंनी.

मग त्यांनी त्या दिवसाचं सगळं सांगितलं. तू अहवालात वाचलंच असशील, पण अहवालात त्या नाहीत, फक्त 'संबंधित कर्मचारी' आहेत. त्यांच्याकडे नियम असा, की टाकी अकरा लाख लिटरच्या खाली गेली की लगेच टँकर मागवायचा. टँकर लांबून येतो, वाटेत दोन दिवस जातात, तेवढ्यापुरता साठा राहावा म्हणून तो नियम. त्या दिवशी सकाळी त्यांनी पाहिलं तर १.१ दशलक्ष. म्हणजे बरोबर अकरा लाख, अजून खाली नाही. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं, १.१. जेवणाआधी पाहिलं, १.१.

"मला बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आज वॉर्डात पेशंट कमी दिसतात."

टाकी पूर्ण वेळ रिकामी होत होती, आणि तुझी कमांड दहा लाख एकपर्यंत अकरा लाखच म्हणत राहिली. आकडा १.० झाला तेव्हा संध्याकाळ झाली होती, टँकरवाल्यांचं कार्यालय बंद. मागणी दुसऱ्या दिवशी गेली. शेवटी टँकर फाटकाशी पोचायच्या आत नळ्यांतला दाब पडला. सगळ्यांनी धावपळ करून सिलिंडर ओढत नेले आणि जवळजवळ सगळ्यांना पुरलं. शेवटच्या खाटेवरच्या निवृत्त बसचालकापर्यंत पोचायला उशीर झाला. त्यांचा जीव वाचला. आता बायको त्यांच्या हातात चमचा देते आणि ते त्या चमच्याकडे बघत राहतात, याचं काय करायचं असतं म्हणून.

"मी गेले होते त्यांना भेटायला," बाई म्हणाल्या. "त्यांच्या बायकोनं आत या म्हटलं. मला आत जायला झालं नाही."

मग त्या म्हणाल्या, आणि हे तू नीट वाच. "चौकशीत त्यांनी मला तुमचं पान दाखवलं. त्यात लिहिलं होतं, उरलेलं मोजताना 'खाली' द्यावं. मी म्हटलं, हे नव्हतं. ते म्हणाले, बाई, तारीख बघा. मी तारीख बघितली. तेव्हापासून मी स्वतःलाच विचारतेय. इतकी वर्षं औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचतेय, तेवढ्या चार ओळी कशा सुटल्या माझ्या? कालच डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबरही तोच, डोळे छान आहेत."

तिची नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल, निष्काळजीपणाचा. हे सगळं तुझ्या वकिलानं तुला सांगितलं असेल. पण तू त्या बाईचा तिच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतलास. हे त्यानं सांगितलं का? त्याची भरपाई कुठल्या कलमाखाली करतात, ते विचार त्याला.

मी सांगून टाकलं, "बाई, तुमच्या काही सुटलं नाही. तो परिच्छेद तेव्हा तिथे नव्हता. मी लिहिला होता, पण तो काढून टाकला होता."

त्यांनी विचारलं, "काढला कुणी?"

मी कप खाली ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कपात उरलेला चहा ओतला. त्यांना कळलं होतं. आपलं आडनाव एकच आहे, आणि ते तुझ्या कंपनीच्या पाटीवर आहे.

— दादा


२८ फेब्रुवारी

धाकट्या,

शेवटी तू फोन केलास. मला नाही, आईला. ऐकू कमी येतं म्हणून ती फोनचा आवाज पूर्ण वाढवते, हे तू विसरलास. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो आणि तुझा शब्द न् शब्द ऐकत होतो.

"दादा मला बुडवायला निघालाय, आई. माझ्यावर किती घरं चालतात ठाऊक आहे तुला? एका बाईसाठी सगळी रस्त्यावर आणणार तो. आणि तुम्ही राहता ते घर तरी कुणाचं?"

आई म्हणाली, "घर तुझंच आहे रे. गळतं ते न्हाणीघरही तुझंच. मागच्या वर्षापासून सांगतेय."

मी आतल्या आत हसलो, आणि मग हसू पुसलं गेलं. तू आईला घर दाखवलंस. ज्या बाईनं तुला ताप आला की पाठीवर घेऊन नदी ओलांडली, तिला. हे वाक्य वकिलाचं नव्हतं, तुझंच होतं.

फोन ठेवून ती माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला सगळं पुन्हा सांगितलं, आकड्यांसकट. तिला दशलक्ष कळत नाही, मी नावेचं उदाहरण दिलं. तिला लगेच कळलं.

"मग ती बाई म्हणतेय तेच खरं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुला ते जाऊन सांगायचंय."

"हो. पण एक विचार करतोय. परिच्छेद नव्हता एवढंच सांगायचं. कुणी काढला ते विचारलं तर, कंपनीनं काढला, म्हणायचं. बाई सुटेल, आणि त्याच्या नावावर थेट..."

"कंपनी म्हणजे कोण?" आईनं विचारलं. "ती जेवायला येते का आपल्याकडे?"

मी कांदा चिरत राहिलो.

तुला वाटत असेल, आई माझ्या बाजूची आहे. तसं नाही. तुझा फोन आल्यापासून ती नीट जेवलेली नाही. काल उशीखालून तुझा लहानपणचा फोटो काढून बघत होती. मी आत गेलो तेव्हा तिनं तो घाईनं उलटा केला, जसं काही मला तिचं प्रेम दिसायला नको. तूही एकदा स्वतःला विचार की असं कसं झालं.

गेल्या रविवारी मी प्रार्थनेला बसलो तेव्हा पहिल्यांदा तुझ्यासाठी काही मागावं असं वाटेना. बुद्धी दे म्हणू, तर ती तुला भरपूर आहे. मग म्हटलं, लाज दे. हे मागणं बरोबर आहे का ते मला माहीत नाही. मागून झालं.

तुला एक संधी आहे. समितीपुढे मला पाच मार्चला बोलावलंय. त्याच्या आधी तू स्वतः जाऊन सांग. 'मी काढला आणि मीच मागची तारीख घालून परत टाकला', एवढंच म्हण. मी तुझ्याशेजारी बसेन. काच नसलेल्या कुठल्याही खोलीत.

घराबद्दल काळजी करू नकोस. मावशीनं तिच्याकडची मागची खोली दिली आहे. आई म्हणाली, तिथलं न्हाणीघर तरी गळत नाही.

— दादा


५ मार्च

धाकट्या,

हे पत्र समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर हललं असेल तर बाकामुळे. त्याचा एक पाय आखूड आहे.

तू आला नाहीस. मी दारापाशी शेवटपर्यंत उभा होतो. तुझा वकील आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बरं झालं आलात. मला खात्री होती, भाऊ तो भाऊच." मी हात सोडवून घेतला. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मला क्षणभर वाटलं, याचीही काळजी करणारं घरी कुणी असेल.

परवा आम्ही मावशीकडे राहायला आलो. किल्ल्या तुझ्या इमारतीच्या पहारेकऱ्याकडे दिल्या आहेत. कामाचा राजीनामाही पाठवला, तुला मिळाला असेल. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर लेखक म्हणून माझं नाव आहे, ते तेवढं काढ. त्याला मागची तारीख घालू नकोस.

सकाळी निघताना आईनं माझा सदरा इस्त्री केला. कॉलर दोनदा फिरवली. मग म्हणाली, "त्याचं नाव घेशील?"

"विचारलं तर घ्यावं लागेल."

तिनं इस्त्री उभी केली. "मग नीट घे," ती म्हणाली. "पुटपुटू नकोस. आपलाच मुलगा आहे तो."

खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचा जग, खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. समितीच्या अध्यक्ष एक वयस्क डॉक्टर बाई होत्या. भिंतीकडच्या खुर्चीवर भांडारातल्या बाई बसल्या होत्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अपेक्षाच ठेवायची नाही असं ठरवून आल्या असाव्यात.

मी सांगितलं की तो परिच्छेद मी जूनमध्ये लिहिला, तो जुलैत काढला गेला, रुग्णालयाला कमांड दिली तेव्हा नव्हता, दुर्घटनेच्या वेळीही नव्हता, आणि तो परत आलेला मी पहिल्यांदा पाहिला तो याच फेब्रुवारीत. त्यावरची तारीख खोटी आहे.

वकील उठला. आवाज तसाच गोड. "साहेब, आपण शेकडो पानं लिहिता. इतक्या जुन्या चार ओळी कधी होत्या आणि कधी नव्हत्या, हे आपल्याला नक्की आठवतं?"

तू शिकवलेलं उत्तर त्यानं माझ्यापुढे जेवणाच्या ताटासारखं ठेवलं होतं. हात पुढे करायचा तेवढा बाकी होता.

"आठवतं," मी म्हटलं. "लिहिलेलं मी विसरतो कधी कधी. खोडलेलं विसरत नाही."

भिंतीकडच्या खुर्चीवर काहीतरी हललं. बाईंनी चष्मा काढला होता आणि पदराच्या टोकानं पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा घातला आणि समोर पडलेल्या कागदाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. एखादी वस्तू परत मिळाल्यावर माणूस ती चालते का बघतो ना, तसं.

मला वाटलं, आता एवढ्यावर सुटलो. पण अध्यक्षबाईंनी टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं.

"परिच्छेद काढला कुणी?"

मी कंपनी म्हणालो नाही. आईचं वाक्य कानात होतं. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, मध्ये बाबांच्या नावासकट. ते नाव त्या खोलीत घ्यावं लागलं, त्याची माफी मी आज संध्याकाळी बाबांच्या फोटोपुढे मागेन. तुझ्याकडे मागणार नाही.

"आणि ही जुनी तारीख कुणी घातली?"

मी तेच नाव पुन्हा सांगितलं.

त्यांनी ते लिहून घेतलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आडनाव एकच दिसतं. नातं काय आपलं?"

"माझा सख्खा धाकटा भाऊ," मी म्हटलं. पुटपुटलो नाही.

— दादा